घरच्या ट्रस्टची नोंदवही : डिचोली (गोवा), २०२२ ते २०२४

घरच्या पैशातून छोटा धर्मादाय ट्रस्ट काढायचा म्हणून दोन-तीन ओळखीच्यांचे फोन आले. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा वहीतल्या नोंदीच उतरवून देते. नावं गाळली आहेत, आकडे आमचे आहेत. हिशेब आणि इतिवृत्त मी लिहिते, त्यामुळे कोण कुठे चुकलं ते माझ्याकडे तारखेनिशी आहे. त्यातल्या बऱ्याच चुका माझ्याच.

९ जानेवारी २०२२

सगळे राजांगणात बसलो. बाबांना जाऊन दीड वर्ष होतंय. म्हापशाकडची जागा विकली तर त्यातलं काही गावासाठी लावा, असं ते म्हणायचे. लिहून मात्र काही ठेवलं नाही. वकील म्हणाले, लिहिलं असतं तरी सगळं देता आलं नसतं. गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, आणि बाबांच्या निम्म्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव, त्याला मृत्युपत्रानेसुद्धा हात लावता येत नाही. म्हणजे बाबांच्या हातात खरा होता तो चौथा हिस्सा. तेव्हा आता जे द्यायचं ते आई आणि आम्ही तीन भावंडं राजीखुशीने देणार. आकडा ठरला ४८ लाख. मुद्दल मोडायचं नाही, व्याज वाटायचं. दादा म्हणाला, महिन्याभरात होऊन जाईल.

२८ जानेवारी

दोन आठवडे फुकट गेले. मराठीत ट्रस्टबद्दल जी जी माहिती मिळाली ती सगळी महाराष्ट्राची. धर्मादाय आयुक्त, अनुसूची, बदल अर्ज. मी अर्जाचा नमुना भरूनसुद्धा ठेवला होता. महाराष्ट्राचा १९५० चा सार्वजनिक ट्रस्टांचा कायदा इथे लागूच नाही. आपल्याकडे ट्रस्ट डीड करायचं आणि उपनिबंधकाकडे नोंदवायचं, नंतर पॅन, नंतर आयकराची नोंदणी.

ऐकायला सोपं वाटतं. पण याचा दुसरा अर्थ असा की आयकर खातं सोडलं तर आपल्या डोक्यावर कोणी नाही. बैठक घेतली की नाही, पैसे कोणाला दिले, का दिले, हे विचारायला कोणी आयुक्त येणार नाही. विचारायचं तर आपणच आपल्याला. तेव्हा हे मला नीट उमगलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

जागेची विक्री अडली होती ती माझ्या नवऱ्याच्या सहीवर. बहीण-भावांबरोबर त्यांच्या नवरा-बायकांच्याही सह्या लागतात, आणि आमचे साहेब जहाजावर. मध्ये १४ तारखेचं मतदान, ऑफिसातली अर्धी माणसं इलेक्शन ड्युटीला. जहाज कुठल्या बंदराला कधी लागणार, तिथे उतरू देतील का, मुखत्यारपत्र तिथून करता येईल का, या चौकशीत पाच आठवडे गेले. शेवटी तेच सुटीवर आले आणि सही केली. ज्यांच्या घरात कोणी जहाजावर किंवा आखातात आहे त्यांनी मुखत्यारपत्र माणूस घरी असतानाच करून ठेवावं.

१२ एप्रिल

डीड नोंदवलं. सुरुवातीची रक्कम फक्त ११,००० लिहिली आहे. मोठी रक्कम आयकराची नोंदणी झाल्यावरच आणायची, असं सीएने बजावलं.

मसुद्यावर घरात चार भांडणं झाली. दोन इथे लिहिते, कारण ती प्रत्येक घरात होणार.

पहिलं काकांचं. ते ट्रस्टी नाहीत, पण घरातलं कोणतं डीड त्यांच्याशिवाय झालंय? त्यांना शिष्यवृत्ती ‘आपल्या समाजातल्या मुलांसाठी’ हवी होती. एका जातीच्या किंवा धर्माच्या लाभासाठी काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला आयकराची सूट मिळत नाही, हे सीएने दोनदा सांगितलं. काका म्हणाले, मग समाजाच्या फंडात मी वेगळे देतो. दिलेही.

दुसरं देवळाचं. दादाला जत्रेच्या खर्चाचं कलम पाहिजे होतं. पण देणगीदाराला ८०-जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकराची सवलत द्यायची तर धार्मिक खर्च उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आईने एका वाक्यात मिटवलं : देवाचं ज्याने त्याने आपल्या खिशातून करायचं.

वकिलांनी आग्रहाने घातलेली तीन कलमं : ट्रस्ट मोडला तर पैसे घरात परत न येता तशाच कामाच्या दुसऱ्या संस्थेला जातील, ट्रस्ट रद्द करून दिलेलं परत घेता येणार नाही, आणि ट्रस्टींची संख्या पाच ते सात. मी म्हटलं होतं ‘पाच’ एवढंच लिहा, सुटसुटीत. ऐकलं नाही त्यांनी, ते बरं झालं.

ट्रस्टी : आई (अध्यक्ष), दादा, मी, धाकटा भाऊ, आणि बाहेरच्या एक. मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो, दादाने त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे.

खर्च : वकील ९,०००, मुद्रांक-नोंदणी-टायपिंग ४,६००, सीए ७,५००, झेरॉक्स-फोटो-फेऱ्या १,९००. पहिला रुपया कोणाला देण्याआधी २३,००० गेले. ते आम्ही भावंडांनी वाटून घेतले, ट्रस्टच्या वहीत टाकले नाहीत.

१६ ऑगस्ट

फॉर्म १०-ए भरून तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळाली, १२-ए (ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नाला आयकरातून सूट) आणि ८०-जी दोन्ही. ४८ लाख ट्रस्टच्या खात्यात आले. प्रत्येकाकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं पत्र घ्यायचं राहिलं होतं, ते सीएने रात्री दहा वाजता फोन करून मागवलं. पत्र नसेल तर हा चालू वर्षाचा खर्च करण्याचा पैसा समजला जाऊ शकतो.

सगळी रक्कम एका बँकेत, एकाच ठेवीत, पाच वर्षांसाठी ५.६ टक्क्यांनी ठेवली. मीच ठेवली. ‘एक कागद, एक तारीख, विसरायला नको.’ हे वाक्य पुढे घरात म्हणीसारखं वापरलं गेलं.

याच महिन्यात नियम आला की ट्रस्टचे हिशेब आणि पावत्या दहा वर्षं जपून ठेवायच्या. फाइल बाबांच्या कपाटात ठेवली.

१८ सप्टेंबर

अर्ज मागवले होते, चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी). व्हॉट्सअपवर आणि तीन वाचनालयांच्या फळ्यावर. आले ४३. वाटायला आहेत जेमतेम दीड लाख.

त्यांत १९ अर्ज जत्रा, नाटक, भजनी मंडळ, सभामंडप. सात नातेवाइकांचे किंवा नातेवाइकांच्या शिफारशीचे. दोघांनी अर्ज न करता थेट आईला भेटून सांगितलं. उरलेले पाहिले तर एक गोष्ट लक्षात आली : चांगले छापलेले अर्ज ज्यांचे, त्यांना पैशाची गरज सगळ्यात कमी दिसत होती. एका अर्जाला रंगीत आलेख होते.

आमचा फॉर्म अकरा पानी. मी एका मोठ्या कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्याच्या निधीचा, नमुना उतरवला होता. सत्तरी तालुक्यातल्या एका वाचनालयाचं काम बघणारा मुलगा, पंचायतीत रोजंदारीवर आहे, तो फॉर्म द्यायला स्वतः आला. म्हणाला, तीन संध्याकाळी लागल्या. मागत होता ३८,०००. त्याच्या फॉर्ममध्ये ‘संस्थेची दूरदृष्टी (२०० शब्द)’ या चौकटीत एकच ओळ होती : ‘पावसात पुस्तके भिजू नयेत.’ दादाला ते इतकं आवडलं की त्याने मोठ्याने दोनदा वाचलं. आणि पुढे आम्ही ते विसरलो. त्याची नोंद खाली येईल.

६ नोव्हेंबर

पहिली निवड बैठक. पाच मुद्दे, प्रत्येकी दहा गुण, पन्नासपैकी बेरीज. चार तास बसलो आणि छाननीनंतरच्या बारा अर्जांना गुण पडले ३४ ते ३८. म्हणजे काहीच ठरलं नाही. कोणाला कमी द्यायला जीव होईना, दहापैकी सात लिहिणं सगळ्यात सोपं.

दुसरी गंमत मला घरी येऊन कागद तपासताना कळली. दादा आधी बोलत होता. तो बोलल्यावर धाकट्याने तीन ठिकाणी आकडे खोडून बदलले होते. मीही एका ठिकाणी बदललाय, माझ्याच अक्षरात.

शेवटी निवड केली ती गुणांनी नाही, थकव्याने : वाचनालय (दोन लोखंडी कपाटं) ३८,०००, गतिमंद मुलांचं एक केंद्र ६०,०००, नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीची फी ३७,०००. शिवाय प्रत्येक ट्रस्टीला वर्षाला दहा हजार आपल्या मर्जीने सुचवायची मुभा, म्हणजे भांडणं कमी होतील असं वाटलं.

नकार कोणालाही कळवला नाही. कसं कळवायचं ते सुचेना.

१५ जानेवारी २०२३

चेक दिले. वाचनालयाची १२-ए नोंदणी नाही, म्हणून त्यांना पैसे न देता कपाटवाल्याला चेक, बिल ट्रस्टच्या नावाने. हे सीएचं सांगणं आणि ते सोयीचंही ठरलं. आमचा खर्च थेट आमच्या कामाचा धरला जातो आणि त्यांना हिशेब ठेवायचा त्रास नाही. रोखीने एका दिवशी एकाला दहा हजारांच्या वर दिलं तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, म्हणून रोख बंद.

फी मुलीच्या नाही, कॉलेजच्या खात्यात भरली. तिच्या वडिलांना ते थोडं लागलं. पुढच्या वेळी आधी सांगेन.

नकार न कळवल्याचा परिणाम : डिसेंबरभर माणसं दारात. सोप्यावर बसून चहा घेतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि निघताना विचारतात, ‘मग आमचं काय ठरलं?’ आईला रोज खोटं बोलावं लागलं की अजून बैठक व्हायची आहे. तिने मला बोलावून सांगितलं, हे पाप तुझ्या खात्यात.

२० फेब्रुवारी

ठेव मोडली. मे पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला आणि आम्ही ५.६ वर पाच वर्षं अडकून बसलो होतो. मोडल्यामुळे सहा महिन्यांचं व्याज कमी दराने मिळालं, सुमारे ४८,००० बुडाले. नव्या दराने, सात टक्क्यांनी, वर्षाला ६७,००० जास्त येतील, म्हणजे नऊ महिन्यांत भरून निघेल. आता १२ लाखांच्या चार ठेवी, दोन बँकांत, वेगवेगळ्या मुदतीच्या. ठेवीवरचा विमा एका बँकेत पाच लाखांपर्यंतच असतो. गोव्यात दोन अर्बन बँका बंद पडलेल्या पाहिल्यावर आई सहकारी बँकेचं नावही काढू देत नाही.

याच महिन्यात आणखी एक. चुलतभाऊ इंग्लंडात आहे, त्याने प्रेमाने ५०० पौंड ट्रस्टच्या खात्यावर पाठवले. बँकेने अडवले, चौकशी केली, पैसे परत. त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यामुळे तो परदेशी देणगीदार आणि आमच्याकडे एफसीआरएची (परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची) नोंदणी नाही. ती हवी तर तीन वर्षांचं काम आणि तीन वर्षांत पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आपल्यासारख्यांना ते जमणारं नाही. त्याचा भाऊ दुबईत आहे, पासपोर्ट भारतीय, त्याचे पैसे चालतात. ‘मग मी काकीच्या खात्यावर पाठवतो, तिथून ट्रस्टला द्या,’ असं इंग्लंडवाल्याने सुचवलं. सीएने फोनवरच हात जोडले.

१२ जून

फॉर्म १०-बीडी विसरले. ज्यांनी आपल्याला देणगी दिली त्यांची यादी ३१ मेपर्यंत भरायची असते, तरच त्यांना ८०-जीचं प्रमाणपत्र निघतं. आमचे बाहेरचे देणगीदार सहा, मिळून ५४,०००. बारा दिवस उशीर, दिवसाला २००, म्हणजे २,४०० विलंबशुल्क. माझ्या खिशातून.

९ जुलै

हीच नोंद खरी. बाकी सगळं कागदावरचं आहे.

बाई म्हणाल्या, दिलेल्या कपाटांचं काय झालं ते बघू या. मार्चमध्ये अहवाल आला होता, आम्हीच पाठवलेल्या एका पानाच्या नमुन्यावर. ‘कपाटांचा वापर होत आहे का? होय / नाही.’ होय. सोबत फोटो : हार घातलेली दोन राखाडी कपाटं.

वाळपईच्या पुढे रस्ता दिसत नव्हता इतका पाऊस. वाचनालय म्हणजे एक खोली, चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. आत शिरल्याबरोबर वास आला. ओल्या पुठ्ठ्याचा. कपाटांच्या मध्ये एक प्लास्टिकची बादली, तिच्यात टप् टप् चालू. तो मुलगा कपाट उघडायला गेला तर दार अडकलं, खालची पट्टी गंजून फुगली होती. बाईंनी खालच्या कप्प्यातून एक जुना दिवाळी अंक काढला, त्याची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. मागच्या बाजूने सगळ्या पुस्तकांवर राखाडी-हिरवी बुरशी, बोट लावलं की बोटाचा ठसा उमटतो. कपाटं भिंतीला घट्ट टेकवलेली होती, भिंत पाणी पिते, पत्रा गार पडतो आणि आतल्या आत घाम. पुस्तकं उघड्या फळ्यांवर होती तेव्हा निदान वारा तरी लागत होता.

मुलगा म्हणाला, ‘बाई, फॉर्मात विचारलं होतं वापरता का. वापरतो.’ त्याने काही लपवलं नव्हतं.

परतताना गाडीत मी त्याचा जुना अर्ज काढला. दूरदृष्टी : पावसात पुस्तके भिजू नयेत. त्याला कपाट नको होतं, कोरडं हवं होतं. कपाट त्याने मागितलं कारण आमच्या फॉर्मात ‘बांधकाम व दुरुस्ती ग्राह्य नाही’ अशी ओळ होती (मोठ्या कंपनीच्या नमुन्यातली, मी उतरवलेली) आणि कोटेशन जोडायचं होतं. कपाटाचं कोटेशन मिळतं. गळक्या कौलाचं कोण देणार? शिवाय आम्ही जागा पाहायला गेलो होतो ती डिसेंबरात. डिसेंबरात गोव्यातलं कुठलंही छप्पर चांगलंच दिसतं.

गावातल्या सुताराने कौलं आणि रिपा बदलायचे सांगितले ९,४००. आम्ही घातले होते ३८,०००.

२३ जुलै

तातडीची बैठक. मी नेहमीप्रमाणे इतिवृत्त लिहायला घेतलं तर आई म्हणाली, आज आधी ऐका, मग लिहा. नंतर ती कोकणीतून एवढंच बोलली : ‘घर पळोवन सांग, कागद पळोवन न्हय.’ घर बघून सांग, कागद बघून नाही.

ताडपत्रीला १,१०० लगेच, कौलांचं काम उघडीप मिळाली की. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे आणि पायांखाली चिरे. त्याशिवाय ठरलेलं, ज्याला आम्ही अजून धरून आहोत :

फॉर्म दोन पानांचा. दूरदृष्टी नाही, आराखडा नाही. काय अडलंय, कधीपासून, आजवर काय करून पाहिलं, आणि आम्ही काहीच दिलं नाही तर काय कराल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं असतं. ‘तरी करूच, थोडं हळू’ असं लिहिणारे सहसा खरंच करतात.

दुरुस्ती चालेल.

भेट पावसात. अर्ज मेअखेर, भेटी जुलैत, निर्णय चवथीआधी. भेटीला दोघं जायचं, त्यातलं एक घराबाहेरचं.

बैठकीआधी प्रत्येकाने घरी बसून अर्जांचा क्रम लावायचा, एक ते शेवटपर्यंत, दोघांना एक नंबर नाही. कागद बंद पाकिटात माझ्याकडे. बैठकीत धाकट्याने आधी बोलायचं, आईने शेवटी. आईला हे फार आवडलं नाही, पण कबूल झाली.

मर्जीचे दहा हजार बंद. कारण लिहायला नको, पण लिहिते : दादाचे दहा हजार एका क्रिकेट स्पर्धेच्या चषकांना गेले आणि मंडळाचा अध्यक्ष दादाचा कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) भागीदार. दादा म्हणाला, ‘गावचंच काम नव्हे?’ कोणी काही बोललं नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला. दादाने दुसऱ्या दिवशी दहा हजार ट्रस्टच्या खात्यात भरले. ती पावती फाइलला आहे.

आणि नकार पत्राने, एका कारणासह, बैठकीपासून आठ दिवसांत. पत्र मिळाल्यावर फोन आला तर फोन मी घ्यायचा, आईने नाही.

१० सप्टेंबर

दुसरी फेरी. आले ३१ अर्ज, क्रमाची पद्धत चालली. पावणेदोन तासांत आटोपलं असतं. एका अर्जावर अडलो.

आमच्याकडे बारा वर्षं कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीचा अर्ज. नर्सिंगला प्रवेश मिळालाय, गुण उत्तम, घरी काही नाही. कायद्यात ज्यांना लाभ देता येत नाही त्या यादीत ट्रस्टींचे नातेवाईक येतात, मोठे देणगीदार येतात, ही मुलगी त्यांत बसत नाही. पण ती आमच्या परसात वाढली आहे. दादा म्हणाला, द्यायचंच. आईच्या डोळ्यांत पाणी. मीही तिला पहिला नंबर दिला होता.

बाई म्हणाल्या, तुम्हा चौघांपैकी कोणालाही यावर मत देता येणार नाही. बरोबरच होतं. मग आम्ही चौघं उठून बाहेर जायचं आणि ठरवणार कोण? आत एकट्या बाई. कोरम तीनचा. आमच्या नियमाप्रमाणे आमच्या घराशी संबंध असलेला कोणताही अर्ज मंजूरही करता येत नव्हता आणि नामंजूरही. दीड वर्षात हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मार्ग : मुलीची फी आम्ही भावंडांनी खिशातून भरली, ट्रस्टबाहेर. अर्ज मागे घेतला तो मावशींनी स्वतः, ‘कागदावर आमचं नाव नको’ म्हणत. आणि ट्रस्टी सात केले, डीडमधल्या ‘पाच ते सात’च्या कृपेने. नवे दोघं : निवृत्त आरोग्य सेविका आणि एक ग्रंथपाल. आता बाहेरचे तिघं आहेत. घरचे उठले तरी कोरम उरतो. बाहेरच्यांची मुदत तीन वर्षं, पुन्हा एकदाच. घरच्यांची मुदत लिहायची राहिली आहे, तो विषय निघाला की चहा येतो.

२६ नोव्हेंबर

गतिमंद मुलांच्या केंद्राला यंदा १,२०,००० दिले. त्यांची १२-ए आहे म्हणून चेक संस्थेला. सीएने हिशेबात १,०२,००० धरले. या वर्षापासून एका नोंदणीकृत ट्रस्टने दुसऱ्याला दिलेल्या पैशापैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरतात. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्च करायचे असतात, त्यामुळे मोठा वाटा संस्थांना देणाऱ्यांनी हे आधीच मांडून ठेवावं, नाहीतर मार्चमध्ये धावपळ. ‘मंजूर केले’ हे चालत नाही, पैसे खात्यातून गेलेले लागतात.

वाचनालयाची कौलं दिवाळीआधी झाली. ६३ पुस्तकं फेकावी लागली, बाकीची ऑक्टोबरच्या उन्हात अंगणात चटईवर वाळवली. नव्या ग्रंथपाल ट्रस्टी दोन दिवस तिथे जाऊन बसल्या, प्रत्येक पुस्तक मऊ ब्रशने झाडून.

८ मे २०२४

थोडक्यात वाचलो. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची, म्हणून पुढच्या नियमित नोंदणीला वेळ आहे असं मी धरून बसले होते. नियम असा की काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा फॉर्म १०-एबी भरायचा. आम्ही चेक दिले जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे आमची तारीख गेल्या वर्षी जुलैतच गेली. आमच्यासारखे पुष्कळ असणार, कारण एप्रिलच्या परिपत्रकाने ३० जूनपर्यंत मुदत वाढवून दिली आहे. आज फॉर्म गेला. जोडायला इतिवृत्तं काढली तर २०२२ ची वही बाबांच्या कपाटात बुरशी धरून. वाचनालयाला दोष देत होतो. वही पंख्याखाली पान पान करून वाळवली, दोन सह्या पुसट झाल्या आहेत.

आमचंही कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.

१४ जुलै २०२४

या फेरीतल्या नऊ भेटींपैकी सहा झाल्या. आज आरोग्य सेविका ट्रस्टी आणि मी. पहिलं ठिकाण बालवाडी, संडासाचं दार मागतात. अर्जात ‘खेळणी’ लिहिलं होतं. विचारलं तर शिक्षिका म्हणाली, संडासाचं लिहायला बरं वाटेना. दुसरं ठिकाण दोन वेळा फोन करूनही बंद, कुलूप गंजलेलं.

जाता जाता वाचनालयात डोकावलो. बादली नव्हती. मुलाने वर बोट दाखवलं, एका कोपऱ्यात अजून पाझरतं, तिथे पुस्तकं ठेवलेली नाहीत. त्याने नवा अर्ज केलेला नाही. का, विचारलं तर म्हणाला, आता पुस्तकं मिळतात, पैसे नकोत, वाचायला येणारी पोरं हवीत. ते आमच्या फॉर्ममध्ये बसत नाही. बाईंना सांगेन.

पुढची बैठक ११ ऑगस्टला. विषय : क्रम, घरच्या ट्रस्टींची मुदत, आई अध्यक्षपद सोडायचं म्हणते आहे तिच्या जागी कोण.

आजचा खर्च : पेट्रोल ४२०, चहा ६०. खिशातून.